शक्ती नसलेल्या वीराचे बलवान वैरी

सुटीत आमच्या घरी आलेला एक सहावीतला मुलगा ओसरीवर पालथा पडून चित्रकथेचे पुस्तक वाचीत होता. वाचता वाचता त्याने मान वर केली आणि मला विचारले, "आजोबा, बॅटमॅनला उडता येत नाही. गोळी लागली तर तो मरेल. मग त्याचे दुश्मन एवढे भारी कसे? आणि जोकर तर नुसता किडकिडीत माणूस आहे. एक ठोसा दिला की काम संपलं!"

मी म्हटले, "मग संपत का नाही?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय!" तो म्हणाला.

मंडळी, प्रश्न पोराचा होता, पण पोरकट नव्हता. ज्या नायकाच्या अंगी कसलेही अतिमानवी सामर्थ्य नाही, त्याच्या खलनायकांचे बळ खरोखर किती, आणि ते येते कोठून, असा तो प्रश्न आहे. ज्या घरात शाळकरी मुले आहेत तेथे तो आज ना उद्या निघणारच. शिक्षक बंधुभगिनींना तर तो भर वर्गात गाठणार. तेव्हा आज आपण तो जरा नीट उलगडून पाहू.

प्रथम नायकाची ओळख करून घेऊ. अमेरिकेत 1938 साली सुपरमॅन हा वीर चित्रकथेत अवतरला. तो परग्रहावरून आलेला, आगगाडीहून वेगवान, पोलादासारख्या अंगाचा. त्याच्या पाठोपाठ 1939 साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या मासिकाच्या 27 व्या अंकात बॅटमॅन आला. चित्रकार बॉब केन आणि लेखक बिल फिंगर हे त्याचे जनक. हा बॅटमॅन म्हणजे वटवाघळाचा वेष घेणारा एक माणूसच. गॉथम नावाच्या काल्पनिक शहरातला हा धनिक तरुण, नाव ब्रूस वेन. लहानपणी डोळ्यांदेखत त्याचे आईबाप एका लुटारूच्या गोळीला बळी पडले. त्या दिवसापासून त्याने शरीर कमावले, शास्त्रे अभ्यासली, तपासाची विद्या शिकला आणि रात्री गुन्हेगारांच्या मागे लागला. मुंबईहून 1964 साली निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ ज्यांना आठवत असेल, त्यांना ही जात ओळखीची वाटेल. दैवी वरदान नाही, जादू नाही. जे काही आहे ते मेहनतीचे.

आता त्याच्या वैऱ्यांकडे वळू. कुस्तीच्या फडात जोड लावताना आपण काय पाहतो? वजन पाहतो, उंची पाहतो, मांडीची जाडी पाहतो. याच मापाने बॅटमॅनचे वैरी मोजायला घेतले तर त्यांच्या तीन रांगा पडतात.

पहिल्या रांगेत साधी माणसे. 1940 सालचा जोकर आणि मांजरीच्या पावलांनी चोरी करणारी कॅटवुमन, 1941 सालचा छत्रीधारी बुटका पेंग्विन आणि बुजगावण्याचा वेष घेणारा स्केअरक्रो, 1942 सालचा अर्धा चेहरा जळालेला टू-फेस, 1948 सालचा कोडी घालणारा रिडलर. यांच्यापैकी एकाच्याही अंगात आपल्या गावच्या पैलवानाइतका जोर नाही.

दुसऱ्या रांगेत यंत्राच्या किंवा औषधाच्या आधाराने बलवान झालेले. मिस्टर फ्रीझ हा 1959 साली वेगळ्या नावाने आला. त्याला गोठवणाऱ्या थंडीतच जगता येते, म्हणून तो थंड हवा भरलेला पोशाख घालून वावरतो आणि समोरच्याला बर्फ करून टाकतो. 1993 साली आलेला बेन हा 'व्हेनम' नावाच्या औषधाच्या जोरावर राक्षसासारखा फुगतो.

तिसऱ्या रांगेत खरोखरच माणसाच्या पलीकडचे. 1961 सालचा क्लेफेस आपले शरीर चिखलाच्या गोळ्यासारखे हवे तसे वळवतो. 1966 साली आलेल्या पॉयझन आयव्हीला पुढील कथांत वेलीझाडे वश झाली. 1971 सालचा रा'ज अल गूल एका गूढ कुंडात स्नान करून पुन्हा पुन्हा जीव धरतो आणि शेकडो वर्षे जगतो.

आता गंमत पाहा. जोराच्या मापाने तिसरी रांग पहिली यावी, दुसरी तिच्यामागे आणि पहिली सर्वांत शेवटी. पण बॅटमॅनचे सर्वांत मोठे नुकसान कोणी केले असे विचाराल तर यादी बरोबर उलटी होते. चिखलाच्या क्लेफेसने त्याला दमवले असेल. पण त्याचे घर उद्ध्वस्त केले ते त्या किडकिडीत जोकरने. असे का व्हावे?

तिसऱ्या रांगेचे कोडे आपल्याला सोडवायला कठीण जाऊ नये, कारण आपण पुराणे ऐकत वाढलो आहोत. हिरण्यकश्यपूने दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, असा वर मागून घेतला आणि तरी उंबरठा शिल्लक राहिला. भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर गेला. उसन्या शक्तीला नेहमी एक फट असते. क्लेफेसची शक्ती प्रथम एका गुहेतल्या विचित्र द्रवातून आली, आणि ती काही तासांनी ओसरत असे. की पुन्हा त्या गुहेकडे धाव. फ्रीझचा पोशाख फुटला की त्याचा जीव धोक्यात. रा'ज अल गूलला त्याचे कुंड हवेच. बॅटमॅन हा मुळात तपास करणारा माणूस असल्यामुळे त्याचे काम ही फट शोधण्याचे. शक्ती जितकी मोठी तितकी तिची दोरी कोठे बांधली आहे हे शोधणे सोपे.

मधल्या रांगेतल्या बेनची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तो एका बेटावरच्या भयंकर तुरुंगात जन्मला. शिक्षा बापाची, भोगली मुलाने. तेथेच तो वाचायला शिकला, तेथेच त्याने अंग कमावले. 1993 साली त्याने बॅटमॅनची पाठ मोडली. ते चित्र वाचकांच्या मनात इतके ठसले की आजही बेन म्हटले की गुडघ्यावर आपटलेला बॅटमॅन डोळ्यांपुढे येतो. पण पाठ मोडली ती शेवटच्या दिवशी. त्याआधी बेनने काय केले ते मुले विसरतात. गॉथमच्या वेड्या गुन्हेगारांना जेथे डांबतात त्या आर्कम नावाच्या इस्पितळाच्या भिंती त्याने फोडल्या आणि सगळे खलनायक एकदम शहरात सोडून दिले. बॅटमॅन रात्रीमागून रात्री एकेकाला पकडत धावला. झोप नाही, विश्रांती नाही. बेन लांबून पाहत राहिला. मधल्या काळात बॅटमॅनच्या मुखवट्यामागचा माणूस कोण हेही त्याने हेरले. आणि बॅटमॅन पुरता थकून घरी परतला तेव्हा बेन त्याच्या घरातच उभा होता.

तेव्हा पाठ मोडली ती औषधाने नव्हे, हिशेबाने. औषधाचे म्हणाल, तर पुढे बॅटमॅनची जागा घेतलेल्या दुसऱ्या माणसाने बेनच्या शरीरात औषध नेणारी नळी कापली आणि तो डोंगर कोसळला. बेनची खरी ताकद त्याच्या दंडात नव्हती, धीरात होती. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उभे पीक एका रात्रीच्या वादळाने जाते तसेच बुडख्याशी महिनाभर बसलेल्या किडीनेही जाते, आणि कीड अंगाने केवढी असते?

आता पहिल्या रांगेकडे येऊ. येथे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण यातला एक जण शिक्षकच होता. स्केअरक्रो, म्हणजे बुजगावणे, हा मूळचा जोनाथन क्रेन नावाचा मानसशास्त्राचा प्राध्यापक. पगार पुस्तकांवर खर्चायचा, त्यामुळे कपडे फाटके. त्यावरून सहकारी त्याची थट्टा करीत. भीती म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्याने एकदा वर्गातच पिस्तूल झाडले आणि नोकरी गमावली. मग हिणवणाऱ्यांनी दिलेले रूप त्याने अंगावर घेतले. पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस लेखकांनी त्याच्या हाती भीती उत्पन्न करणारा वायू दिला, आणि तेव्हापासून तो तसाच रंगवला जातो. तो वायू हुंगला की ज्याला ज्याचे भय त्याला ते समोर दिसते. लक्षात घ्या, भय ज्याचे त्याचेच असते. स्केअरक्रो फक्त दार उघडतो. शेतातले बुजगावणे तरी दुसरे काय करते? काठी आणि जुना सदरा. पाखरू उडते ते स्वतःच्या भीतीने.

टू-फेसचे दुःख याहून खोल आहे. तो गॉथमचा सरकारी वकील होता, तडफदार आणि सज्जन. भर न्यायालयात एका गुंडाने त्याच्या तोंडावर तेजाब फेकले. अर्धा चेहरा गेला आणि माणूसही दुभंगला. मग तो प्रत्येक वेळी एक नाणे उडवू लागला. नाण्याला दोन्ही बाजूंनी छापच, पण एक बाजू खरवडलेली. चांगली बाजू पडली तर चांगले, खरवडलेली पडली तर वाईट. त्याचे शस्त्र कोणते? ते नाणेच. मी ठरवत नाही, नशीब ठरवते, असे एकदा मनाने घेतले की माणूस काहीही करायला मोकळा होतो. शिवाय तो बॅटमॅनचा जुना सोबती. समोर शत्रू उभा असता हात उचलतो. समोर बिघडलेला मित्र उभा असता हात जड होतो. टू-फेसचे निम्मे बळ या जड हातात आहे.

आणि आता जोकर. त्याची पहिली गोष्ट 1940 सालच्या 'बॅटमॅन' मासिकाच्या पहिल्या अंकातली, आणि श्रोतेहो, ती रेडिओवरच सुरू होते. लोक घरोघरी गाणी ऐकत बसले आहेत. मध्येच गाणे तुटते आणि एक थंड आवाज येतो: आज मध्यरात्री बारा वाजता मी क्लॅरिज नावाच्या धनिकाला ठार मारीन आणि त्याचा हिरा नेईन. काहींना ती थट्टा वाटते. पोलीस मात्र घराला गराडा घालतात, क्लॅरिजला मध्ये बसवतात. बाराचे ठोके पडतात आणि कोणी जवळ आले नसताना तो कोसळतो. मेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर भेसूर हसू उमटते. हिरा पाहावा तर काचेचा.

कसे झाले? जोकर आदल्या रात्रीच येऊन गेला होता. झोपलेल्या माणसाला त्याने सावकाश भिनणारे विष टोचले होते आणि हिरा बदलून नेला होता. पोलीस दाराशी पहारा देत होते तेव्हा मृत्यू दाराच्या आत, रक्तात होता. येथे जोर किती लागला? एका सुईपुरता. पण घोषणा आधी करून त्याने एका माणसाच्या मृत्यूची दहशत सगळ्या शहरात वाटून टाकली. हे जोकरचे पहिले बळ.

पण हे बळ त्याला कोणी दिले, हेही मुलांना सांगावे. त्याच अंकातल्या दुसऱ्या गोष्टीत जोकर मरणार होता, असा मूळ बेत होता. संपादकांना वाटले, असा पात्र हातचा घालवू नये. शेवटी एक चित्र वाढवून तो वाचल्याचे दाखवले गेले. पुढे 1954 साली अमेरिकेत चित्रकथांमुळे मुले बिघडतात अशी मोठी ओरड झाली. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचे पुस्तक गाजले, सिनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःसाठी नियमावली केली. दर वेळी चांगल्याचाच जय झाला पाहिजे, असे तीत होते. त्या काळात हाच जोकर खोड्याळ विदूषक बनून राहिला. 1973 साली लेखक डेनी ओ'नील आणि चित्रकार नील अॅडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केले. देह तोच, हसू तेच. बळ मात्र काळाप्रमाणे चढले आणि उतरले. गोष्टीतल्या राक्षसाची उंची सांगणाऱ्याच्या तोंडात असते, हे आजीची गोष्ट ऐकलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

जोकरचे दुसरे बळ बॅटमॅनच्या प्रतिज्ञेत आहे. बॅटमॅन कोणाचा जीव घेत नाही. सुरुवातीच्या काही गोष्टींत त्याच्या हातून माणसे मेली होती. पण 1940 च्या सुमारास संपादकांनी ते बंद करवले आणि पुढच्या लेखकांनी त्या नियमाचे व्रत केले. आता जोकरला ठाऊक आहे की काहीही केले तरी हा माणूस मला ठार मारणार नाही. तो पकडला जातो, आर्कममध्ये जातो, सुटतो, पुन्हा येतो. आपण म्हणाल, मग बॅटमॅनने ते व्रत एकदा मोडावे! वाचकही हेच म्हणत आले आहेत. पण जोकरला तेच हवे आहे. त्याला पैसा नको, गादी नको. सज्जनपणा म्हणजे वरचा मुलामा आहे, एक ओरखडा काढला की खाली सगळे माझ्यासारखेच निघतात, एवढेच त्याला सिद्ध करायचे आहे. व्रत मोडले तर जोकर मरेल, पण त्याचे म्हणणे खरे ठरेल.

वाचकांविषयी बोललो, तर एक खरी घडलेली हकीकत सांगतो. 1988 साली प्रकाशकांनी बॅटमॅनचा तरुण साथीदार, दुसरा रॉबिन, जेसन टॉड, याला जोकरच्या तावडीत सापडलेला दाखवले. जोकरने त्याला पहारेने मारले आणि मग स्फोट घडवला. येथे गोष्ट थांबवून वाचकांना दोन टेलिफोन क्रमांक दिले: मुलगा जगावा की मरावा, कळवा. मरावा म्हणून 5,343 फोन आले, जगावा म्हणून 5,271. अवघ्या 72 मतांनी तो मेला. जोकरच्या नावावर बॅटमॅनचा हा सर्वांत मोठा घाव लिहिला आहे. पण तो घालणारे हात घरोघरी बसलेल्या वाचकांचे होते. दुष्टाचे बळ कोठून येते असे मुलाने विचारले, तर या हकीकतीइतके सरळ उत्तर मला दुसरे माहीत नाही.

आता शेवटची गोष्ट. त्याच 1988 साली अॅलन मूर या लेखकाची आणि ब्रायन बोलंड या चित्रकाराची 'द किलिंग जोक' ही चित्रकथा निघाली. ती लहान मुलांच्या हाती देण्याजोगी नाही, पण शिक्षकांना ठाऊक असावी. एका वाईट दिवसाने कोणताही भला माणूस वेडा होतो, हे दाखवण्यासाठी जोकर पोलीस कमिशनर गॉर्डनला निवडतो. त्याच्या दारात उभा राहून त्याची मुलगी बार्बरा हिला गोळी घालतो आणि त्या वृद्ध बापाला पळवून नेऊन छळतो. बॅटमॅन सोडवायला येतो तेव्हा गॉर्डन काय सांगतो? त्याला कायद्याप्रमाणेच पकड. आपली रीत खरी आहे हे त्याला दिसू दे.

पाहा मंडळी, सगळ्या डावाचा निकाल येथे लागला. गॉर्डनजवळ मुखवटा नाही, यंत्रे नाहीत, तारुण्यही नाही. पण जोकरने जे मागितले ते त्याने दिले नाही. आणि बार्बरा? तिचे पाय गेले. ती आधी बॅटगर्ल होऊन छपरांवरून उड्या मारीत असे. 1989 पासून ती चाकांच्या खुर्चीत बसून 'ओरॅकल' या नावाने काम करू लागली. माहिती गोळा करून ती इतर वीरांना वाट दाखवू लागली, आणि पुढे कित्येक वर्षे मोठमोठे बलवान तिच्या शब्दावर चालले. जोकरच्या गोळीने ती संपली नाही.

तर त्या मुलाला मी काय सांगितले ते ऐका. मी म्हटले, "बाळा, बॅटमॅनच्या वैऱ्यांचे बळ मोजायचे तर त्यांचे दंड मोजू नकोस. ज्याचे बळ औषधात आहे त्याची नळी कापता येते. ज्याचे बळ जादूत आहे त्याची वेळ कधीतरी सरते. पण ज्याचे बळ आपल्या भीतीत, आपल्या रागात, आपल्या टाळ्यांत आहे, त्याला नुसता ठोसा पुरत नाही. त्याला जे हवे ते आपण द्यायचे नाही, हाच त्याच्यावरचा डाव."

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आजोबा, मी फोन केला असता तर रॉबिन वाचला असता?"

मी म्हटले, "तुझ्यासारखे आणखी त्र्याहत्तर जण हवे होते."

त्याने बोटे मोजली, आपल्या वर्गातल्या मुलांची संख्या मनात धरली आणि म्हणाला, "दोन तुकड्यांत झाले असते की!"

शिक्षक बंधुभगिनींनो, याहून चांगला शेवट मला या भाषणाला सुचत नाही.